डाव्या भुवईची खूण

‘मॉडेल नकोत, खरीखुरी मुलं हवीत.’ कपड्यांच्या ब्रँडकडून असं वाक्य आलं की हल्ली मी आधी विचारून घेतो, खरीखुरी म्हणजे किती? त्या वेळी विचारलं नव्हतं.

फोटो काढायचं काम पुण्यातलंच. कॉलेजच्या मुलांसाठी शर्ट आणि डेनिम, वीस पानांचा कॅटलॉग आणि वर एक होर्डिंग. एजन्सीच्या पोरांनी कट्ट्याकट्ट्यावर फिरून सहा जण निवडले होते. दातांना तारा असलेला एक, चांगला ऐसपैस अंगाचा एक, मणिपूरहून शिकायला आलेली एक, असे. आणि तुळजापूरकडची, एकोणीस वर्षांची, कबड्डी खेळणारी एक मुलगी. रंगाने काळी. मुद्दाम काळी लिहितोय. सावळी म्हटलं की आपण फार सोयीस्करपणे सुटतो.

मेकअपवाल्या ताई कामात पक्क्या, पण पेटीतली सगळ्यात गडद शेडसुद्धा हिच्यापेक्षा दोन पायऱ्या उजळ. त्यांनी तीच लावली. मुलीने आरशात पाहिलं, हनुवटी वर केली आणि शांतपणे विचारलं, ‘‘ताई, मान पण रंगवणार का?’’ सगळे हसले, ताईसुद्धा. चेहरा धुतला, नुसतं मॉइश्चरायझर लावलं आणि ती सेटवर आली.

यापुढची चूक माझी. ग्रुप फोटोसाठी मी वर्षानुवर्षं लावतो तसं लाइट लावलं होतं: समोरून दोन सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणाऱ्या कापडी पेट्यांतले दिवे), मागे गडद तपकिरी पडदा, अंगात सगळ्यांच्या पांढरे शर्ट. उजेड मोजणारं मीटर शर्टाला सांभाळत होतं. टेस्ट शॉट मॉनिटरवर आला तेव्हा पाच चेहरे छान आणि कडेला उभ्या असलेल्या हिचे नुसते डोळे आणि दात. असिस्टंट म्हणाला, ‘‘दादा, नंतर उचलू.’’ मीच शिकवलेलं वाक्य. तिथल्या तिथे लॅपटॉपवर शॅडो उचलून, म्हणजे फोटोतला काळोखा भाग उजळून पाहिला. तोंडाला राख फासल्यासारखा रंग आला, वर दाणे.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते फोटो लॅबवाले काका शर्ली कार्डची गोष्ट सांगायचे. कोडॅककडून लॅबना रंग जुळवायला एक नमुन्याचा फोटो यायचा, त्यात गोरी बाई. तिची कातडी बरोबर छापली गेली की मशीन बरोबर. गडद छटांची तक्रार पुढे जोरात केली ती चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातवाल्यांनी. काका ही गोष्ट विनोद म्हणून सांगायचे. फिल्म जाऊन जमाना झाला, कार्ड माझ्या डोक्यात तसंच होतं.

सगळं मोडलं. पडदा बदलून करडा घेतला. मोठा सॉफ्टबॉक्स एका बाजूला आणला आणि तिला त्याच्या अगदी जवळ उभं केलं. गोरा पोरगा पार दुसऱ्या टोकाला, कारण लाइट अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. दुसऱ्या बाजूने तिच्या गालाजवळ थर्माकोलची पांढरी शीट. काळ्या त्वचेवर लाइट नुसता ओतून भागत नाही, तो तिच्यावर चमकावा लागतो. त्या चमकेतूनच गालाचं हाड, नाक, ओठ दिसतात. चाळीस मिनिटं गेली. डबे येऊन गार झाले. पुढच्या फ्रेमला ताईच आधी ओरडल्या, ‘‘अगं, ही बघ!’’

दुपारी ब्रँडचे साहेब आले. तरुण, नम्र. तिच्या सोलो फोटोवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘मस्त आहे सर. ही भुवईवरची खूण काढू आणि थोडं ब्राइट करू.’’ २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं, तसं आमच्या धंद्यात ‘गोरं करा’चं ‘ब्राइट करा’ झालंय. मी सांगून पाहिलं की नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत त्वचा किंवा अंगाचा आकार बदलला तर तसं फोटोवर छापावं लागतं. ‘‘आपण नॉर्वेत नाही ना सर,’’ ते म्हणाले. खरंच होतं.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, ‘‘पकड करताना चढाईवालीचं कोपर लागलंय. सात टाके आहेत. काढा हवं तर, पण मग गावातले म्हणतील दुसरीच कुणीतरी हाय.’’

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग खूण ठेवायला तयार झाले. रंगाचा सौदा पाव स्टॉपवर, म्हणजे किंचित उजळ करण्यावर झाला. तोही मला करायचा नव्हता, पण पैसे त्यांचे होते. संध्याकाळी मी मेल टाकून ठेवला: भुवईची खूण काढायची नाही.

दोन महिन्यांनी होर्डिंग लागलं. मी सिंहगड रोडवर गाडी कडेला घेऊन बघितलं आणि खूश होऊन घरी आलो. रात्री तिचा मेसेज. आधी फोटो, मग हसणाऱ्या तीन इमोजी, मग: ‘‘दादा, माझी खूण डाव्या भुवईवर आहे. इथं उजव्या कशी?’’

फाइल उघडली. लेआउटमध्ये लोगो डावीकडे हवा म्हणून डिझाइनरने फोटोच उलटा केला होता. शर्टाचा खिसाही उजवीकडे गेला होता, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.