अनमोड घाटात थांबलेला टेम्पो

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दोन दिवसांवर आली होती. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मुख्यतः डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल यांचीच कामे होतात आणि सणाच्या तोंडावर बेळगावहून भाजी आणणाऱ्या टेम्पोंची तिथे गर्दी असते. त्या दिवशी पहाटे ओळखीच्या एका केटररचा फोन आला. "मेस्त्री, मोलेच्या वर घाटात गाडीने दम टाकला. आता तर सुरूच होत नाही." भर पावसात मदतनीसाला घेऊन मी निघालो.

टेम्पो चौदा वर्षांचा, जुन्या यांत्रिक पंपाचा होता. फिल्टर उघडून पाहिला तर त्याचा कागद काळाभोर झालेला आणि घड्यांमध्ये गोठलेल्या तुपासारखा चिकट थर बसलेला. वास डिझेलचा नव्हताच. तो मिरचीभजी तळलेल्या कढईचा होता. विचारल्यावर मालकाने संकोचाने सांगितले, की त्यांचा धाकटा भाऊ विज्ञानाचा पदवीधर असून महिनाभर स्वयंपाकघरातल्या उरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवतो आहे आणि या खेपेला प्रथमच पूर्ण टाकी त्यानेच भरली आहे.

नवा फिल्टर बसवला, इंधनाच्या नळीत अडकलेली हवा काढली, गाडी शंभर पावले गेली आणि पुन्हा थांबली. शेवटी दोर बांधून ती खाली आणावी लागली.

वर्कशॉपमध्ये मी टाकीतले इंधन काचेच्या बरणीत घेतले आणि बरणीमागे वर्तमानपत्र धरले. नीट सुकवलेल्या बायोडिझेलमधून अक्षरे वाचता आली पाहिजेत. इथे ओळी कुठे आहेत तेवढेच कळत होते. मग दुसऱ्या बरणीत निम्मे इंधन आणि निम्मे पाणी घालून हलवले. चांगले इंधन काही मिनिटांत पाण्यापासून वेगळे होते, पण या बरणीत ताकासारखे पांढरे मिश्रण तयार झाले आणि अर्ध्या तासानंतरही तसेच राहिले. म्हणजे त्यात साबण उरला होता. एव्हाना तो भाऊ स्वतःच मिथेनॉलची बाटली घेऊन आला होता. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर इंधन मिसळले, तेव्हा तळाशी तेलाचा थेंब जमला. तेलाचा काही भाग बायोडिझेल झालाच नव्हता.

मुलगा हुशार होता आणि त्याची कृती मुळात बरोबर होती. तेलात त्याच्या एक पंचमांश मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम ठेवले, की मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, वर राहते आणि ग्लिसरीन तळाशी बसते. मात्र पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलात मुक्त आम्ले वाढलेली असतात. प्रत्येक वेळी ती मोजून सोड्याचे प्रमाण ठरवावे लागते, नाहीतर सोडा त्या आम्लांशीच जुळून साबण होतो आणि मूळ क्रियेला कमी पडतो. त्याने ताज्या तेलाचे प्रमाण वापरले होते. शिवाय इंधन पाण्याने धुतल्यावर न तापवता, गोणपाट झाकलेल्या पिंपात ठेवले होते, तेही आपल्या भाद्रपदात. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी अधिक पाणी धरून ठेवते. भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोला ५०० मिलिग्रॅम आहे. उघड्या पिंपातल्या इंधनाकडून ती पाळली जाण्याची आशाच नको.

उरलेला दोष टाकीचा होता. चौदा वर्षांचा गाळ तिच्या तळाशी आणि भिंतींना घट्ट बसलेला होता आणि बायोडिझेल असा गाळ विरघळवून सुटा करते. तो सगळा फिल्टरकडे आला. परतीचा रबरी पाइपही हाताला मऊ, फुगलेला लागला. तो काढून व्हायटॉनचा, म्हणजे बायोडिझेल सोसणाऱ्या रबराचा, बसवला, टाकी उतरवून धुतली आणि पंप तपासला. सुदैवाने पंपाला इजा झालेली नव्हती.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटली आणि ती मी दोघा भावांना स्पष्ट शब्दांत सांगितली. मिथेनॉलचा कॅन त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, गॅसच्या शेगडीपासून दहा पावलांवर ठेवला होता. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि ते त्वचेतूनही शरीरात शिरते. जिथे शेकडो माणसांचे जेवण शिजते तिथे ही वस्तू एक दिवसही असता कामा नये.

"म्हणजे हे सोडूनच द्यायचं का?" धाकट्याने विचारले. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. महिन्याला त्यांच्याकडे साधारण ६० लिटर तेल उरते. बेळगावची एक फेरी २५ लिटर पिते आणि महिन्याला आठ फेऱ्या होतात, म्हणजे गरज २०० लिटरची. निव्वळ बायोडिझेलवर जेमतेम दोन फेऱ्या निघतील, पण साध्या डिझेलमधल्या २० टक्के मिश्रणाला ४० लिटर पुरतात आणि या जुन्या इंजिनाला ते मानवते. निव्वळ बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे ८ टक्के कमी असते, मिश्रणात हा फरक चालकाला जाणवतही नाही. पामतेलाचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास गढूळ होऊ लागते. फोंड्यात त्याची चिंता नाही, बेळगावातल्या डिसेंबरच्या पहाटे मात्र आहे, आणि तिथेही मिश्रणच उपयोगी पडते. त्यांची दुसरी, बीएस-६ची नवी गाडी आहे. तिच्यात कंपनीच्या मर्यादेपलीकडे थेंबही घालू नका, असे मी बजावले, कारण तिचा धुराचा फिल्टर साफ होताना जास्तीचे इंधन सोडले जाते आणि बायोडिझेल सहज न उडता इंजिन ऑइलमध्ये उतरते.

हे इंधन चालावे असे मला मनापासून वाटते. तळणाचे तेल गटारात जाणे किंवा स्वस्तात विकले जाऊन पुन्हा कुणाच्या कढईत पडणे, हे दोन्ही मी पाहिले आहे. २०१८ पासून २५ टक्क्यांपेक्षा अधिक ध्रुवीय संयुगे (तळताना तेल बिघडून होणारे पदार्थ) झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास बंदी आहे, तेव्हा त्याला गाडीची टाकी हीच योग्य वाट आहे.

टेम्पो त्याच रात्री साधे डिझेल भरून बेळगावला गेला आणि चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी भाजी घेऊन परतला.

तीन आठवड्यांनी धाकटा भाऊ बाटली घेऊन आला. मिथेनॉल आता घरापासून दूर, बागायतीतल्या मोकळ्या शेडमध्ये हलवले होते. बाटलीमागे वर्तमानपत्र धरले, तर बारीक अक्षरेही वाचता आली. पाणी घालून हलवले, तेव्हा दहा मिनिटांत दोन थर झाले, पण मधे पांढरी बारीक रेघ उरली होती. त्याने ती माझ्याआधीच पाहिली. "अजून एकदा धुतो," म्हणाला आणि बाटली घेऊन निघाला.