रूळ गेले, चढ राहिला

माझी सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. शंकू-साखळीनं सुरुवात केली आणि ईटीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन, हातात आलं तोवर निवृत्ती दारात उभी होती. त्यामुळे कुठेही फिरायला गेले तरी लोक देखावा बघतात आणि माझी नजर आधी बांधावर जाते. भाच्यानं अमेरिकेतल्या पिट्सबर्गहून फोनवर सांगितलं, "मावशी, तू आलीस की आपण सायकलनं कंबरलँडला जाऊ. दीडशे मैल, म्हणजे २४० किलोमीटर. जुन्या रेल्वेच्या जागेवरून रस्ता आहे, चढ जाणवतसुद्धा नाही." मी पहिला प्रश्न विचारला, "जमीन कुणाच्या नावावर आहे?"

तो हसला. पुढचे चार दिवस मात्र त्याला याच प्रश्नाचं उत्तर ऐकावं लागणार होतं.

रस्त्याचं नाव ग्रेट अॅलेगेनी पॅसेज. तिथले लोक आद्याक्षरं घेऊन नुसतं 'गॅप' म्हणतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, सकाळी बोटं आखडतील एवढी थंडी. भाच्यानं बॅटरीची सायकल सुचवली होती, ती मी ऐटीत नाकारली. तिसऱ्या दिवशी त्याचा थोडा पश्चात्ताप झाला, पण तो मी बोलून दाखवला नाही.

पिट्सबर्गमध्ये तीन नद्यांच्या संगमापाशी सुरुवात होते. थोड्या वेळानं रस्ता तुरुंगाच्या भिंतीला खेटून जातो, म्हणून त्या तुकड्याचं गावठी नाव 'जेल ट्रेल'. मग मोनोंगहेला नदीवरचा हॉट मेटल ब्रिज. एका काठावरच्या भट्ट्यांतलं वितळलेलं लोखंड मोठाल्या बादल्यांच्या वाघिणींत भरून, तसंच लालबुंद, या पुलावरून पलीकडच्या कारखान्यात नेत. आज तिथून माझ्यासारखी साठीची बाई हेल्मेट सावरत जाते. पुढे होमस्टेड, १८९२ च्या संपात कामगार आणि कंपनीनं आणलेले बंदूकधारी यांची लढाई झाली ते ठिकाण. तिथलं पंपहाउस अजून उभं आहे. कारखान्याच्या जागी दुकानं आली आणि धुराड्यांची एक रांग तेवढी शोभेला ठेवली आहे. पण सगळंच संपलं असं नाही. नदीपलीकडे ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन कारखाना १८७५ पासून चालू आहे आणि त्याच्या धुराचा वास या काठापर्यंत येतो.

मॅककीजपोर्टला नदी बदलते, यॉकगेनी सुरू होते. इंग्रजी स्पेलिंग बघून हा उच्चार करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही, म्हणून सगळे नुसतं 'यॉक' म्हणतात. इथून वाहनं मागे पडली आणि खरा रस्ता लागला. चुनखडीची बारीक कच दाबून बसवलेली, अंगावर झाडं, एका हाताला नदी. मधूनच डोंगरातून नारिंगी पाणी झिरपताना दिसलं. बंद पडलेल्या कोळसा खाणींतलं लोहयुक्त पाणी आहे ते. खाण बंद होऊन माणसं निघून गेली तरी पाणी अजून वाहतंच आहे.

वेस्ट न्यूटनला मुक्काम केला तेव्हा ५८ किलोमीटर झाले होते आणि माझे गुडघे शाबूत होते. चढ जाणवला नाही हे खरंच. कारण साधं आहे. वाफेच्या इंजिनाला हजारो टन कोळसा ओढायचा, त्याला उभा चढ झेपत नाही. म्हणून आखणी करणाऱ्यांनी डोंगर फोडला, दरी भरली, नदीचं प्रत्येक वळण धरलं, पण चढ हाताबाहेर जाऊ दिला नाही. पिट्सबर्ग समुद्रसपाटीपासून साधारण ७२० फुटांवर आणि वाटेतली सगळ्यात उंच खिंड २,३९२ फुटांवर. एवढी उंची सुमारे १२६ मैलांत विभागून टाकली आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी इंजिनासाठी केलेली काटकसर आता माझ्या गुडघ्यांच्या कामी आली.

रात्री भाच्याला जमिनीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत १९१६ च्या सुमाराला अडीच लाख मैलांहून जास्त लोहमार्ग होते. पुढे ट्रक आले, हमरस्ते आले, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या आणि मार्ग बंद पडू लागले. रूळ उखडून भंगारात घातले की विषय संपला असं वाटतं, पण खरा घोळ तिथूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात कंपन्यांनी पुष्कळ ठिकाणी जमीन विकत घेतलीच नव्हती, फक्त गाडी नेण्याचा हक्क घेतला होता. आपण वहिवाटीचा हक्क म्हणतो, तसाच. गाडी थांबली की हक्क संपला आणि पट्टा शेजारच्या शेतात विरघळला. दीडशे मैलांच्या पट्ट्यात एका शेतकऱ्यानं मधे कुंपण घातलं की उरलेल्या पट्ट्याचा उपयोग शून्य. असा सलग पट्टा पुन्हा गोळा करायचा तर किती गट नंबर, किती वारस, किती हरकती! मला तर नुसत्या कल्पनेनं जुनं टेबल आठवलं.

म्हणून १९८३ मध्ये त्यांच्या संसदेनं राष्ट्रीय पायवाटांच्या १९६८ च्या कायद्यात एक दुरुस्ती केली. कंपनीला मार्ग नको असेल तर तो 'बंद' न मानता राखून ठेवायचा. पुढेमागे रेल्वेला लागला तर परत देता यावा म्हणून. तोवर कुणी जबाबदार संस्था तिथे पायवाट चालवील. कागदावर लोहमार्ग जिवंत, म्हणून वहिवाटही जिवंत. काय डोकं आहे! भाचा म्हणाला, "म्हणजे पळवाट." मी म्हटलं, "पळवाट नाही, पायवाट." तो कण्हला.

जमीन परत मिळेल म्हणून थांबलेले मालक चिडले, आणि त्यांची बाजू मला कळते. व्हर्माँटमधल्या एका कुटुंबाचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९० मध्ये न्यायालयानं कायदा वैध ठरवला, पण मालकांना सरकारकडे भरपाई मागता येईल असंही सांगितलं. रस्ता राहिला आणि मालकाला पैसे मागायचं दारही उघडं राहिलं. आमच्या खात्यात एवढा स्वच्छ निकाल मी क्वचित पाहिला.

गॅपचा बराचसा भाग मात्र त्या दुरुस्तीच्या आधीच बंद पडला होता. कॉनेल्सव्हिलपासून पुढे आम्ही ज्या वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या पट्ट्यावरून जाणार होतो तिची इथली वाट १९१२ मध्ये पुरी झाली आणि १९७५ मध्ये बंद पडली. जेमतेम ६३ वर्षं. नदीच्या दुसऱ्या काठावर स्पर्धक कंपनीचा मार्ग होता. पुढे दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या छत्राखाली आल्या, मग एकाच दरीत दोन मार्ग कशाला पोसायचे? दुसरा काठ अजून चालू आहे. मालगाड्या रात्रभर जातात आणि खोलीतल्या खिडकीच्या काचा थरथरतात.

दुसऱ्या दिवशी वेस्ट न्यूटनच्या पुढे एका फलकापाशी थांबलो. डार खाण. १९ डिसेंबर १९०७ ला इथल्या स्फोटात २३९ माणसं गेली. त्यात हंगेरीतून आलेले पुष्कळ होते. संत निकोलसचा सण म्हणून काही कामगार त्या दिवशी चर्चला गेले होते, ते वाचले. फलकासमोर नदी इतकी संथ होती की भाचाही काही बोलला नाही. कॉनेल्सव्हिलच्या अलीकडे झाडीत शिरलेल्या कोकच्या, म्हणजे कोळसा भाजून केलेल्या इंधनाच्या, भट्ट्या दिसतात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या घुमटाकार, आता आत नेचे उगवलेत. याच भट्ट्यांचा कोक पिट्सबर्गच्या पोलादाला जायचा.

दुपारी पाऊस आला. चुनखडीची कच भिजली की तिचं पिठलं होतं, आणि ते साखळीत, ब्रेकमध्ये, पाठीवर, दातांतसुद्धा जातं. ओहायोपाइलला पोचलो तेव्हा आम्ही दोन पांढरे पुतळे होतो. मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंनी काही न बोलता बागेच्या नळीकडे बोट दाखवलं. आधी सायकली, मग आम्ही.

ओहायोपाइलमध्ये धबधबा आहे, राफ्टिंग आहे, गर्दी आहे. माझ्यासाठी तिथलं महत्त्व वेगळं. या सगळ्या रस्त्यातले पहिले नऊ मैल १९८६ मध्ये इथे खुले झाले आणि पिट्सबर्गजवळचा शेवटचा तुकडा २०१३ मध्ये जुळला. सत्तावीस वर्षं! मधल्या काळात प्रत्येक गावाची वेगळी संस्था, वेगळे स्वयंसेवक. १९९५ मध्ये या संस्थांनी एक आघाडी केली, तेव्हा कुठे नकाशावर एक रेघ दिसू लागली. आता या रेघेला फांद्याही फुटल्या आहेत. मॅककीजपोर्टच्या बाजूला माँटूर ट्रेल येऊन मिळते, तीही जुन्या कोळसा-रेल्वेच्या जागेवरची. चार राज्यांत मिळून १,५०० मैलांचं जाळं विणायचं चाललंय. जाळं म्हटलं की भव्य वाटतं. प्रत्यक्षात काम असं असतं, की अमक्या गावात पुलापलीकडचे तीनशे फूट कुणाचे, ते शोधा.

तिसरा दिवस सर्वांत सुंदर आणि सर्वांत लांब वाटणारा. कन्फ्लुएन्स गावाशी तीन प्रवाह मिळतात. तिथून यॉक सुटली आणि कॅसलमन नदी सोबतीला आली. मेपलची झाडं पिवळी-तांबडी झाली होती आणि रस्ता पानांखाली दिसेना. पिंकर्टनपाशी नदी मोठा वळसा घेते, रेल्वेनं तो बोगद्यानं छेदला. ८४९ फुटांचा बोगदा पडझड झाल्यानं कित्येक वर्षं बंद होता आणि लोक वळशावरून जात. २०१५ पासून पुन्हा आरपार जाता येतं. बाहेर पडतो तर माझं मागचं चाक बसलेलं. भाच्यानं ट्यूब बदलली, मी पानांवर बसून सूचना दिल्या.

संध्याकाळी सॉल्सबरी व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा लांबलचक रेल्वेपूल. १,९०८ फूट लांब, खाली शंभर फुटांवर दरी, नदी, हमरस्ता आणि स्पर्धकाचे ते जिवंत रूळ. आम्ही मधोमध असताना खालून कोळशाची गाडी गेली. डबे मोजायला लागले, शंभराच्या पुढे नाद सोडला. जी कंपनी हरली तिचा पूल वर आणि जी टिकली तिची गाडी खाली.

चौथ्या दिवशी मायर्सडेलहून निघालो. तिथल्या जुन्या स्टेशनात आता माहिती केंद्र आहे. आठ-नऊ मैलांवर ती खिंड, म्हणजे जलविभाजक लागला. वाट एका लहानशा पुलाखालून जाते, आत भिंतीवर सगळ्या रस्त्याचा उभा छेद रंगवलाय. इथून पश्चिमेला पडलेलं पाणी मेक्सिकोच्या आखातात, पूर्वेला पडलेलं अटलांटिकमध्ये. मी बाटलीतलं थोडं पाणी मधोमध ओतलं. ते तिथेच मुरलं.

पुढे बिग सॅव्हेज बोगदा, ३,२९४ फूट. आत दिवे आहेत, तरी मधे पोचल्यावर दोन्ही टोकं नाण्याएवढी दिसतात. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यानं अस्तर फुटू नये म्हणून त्याला दारं लावून बंद करतात. डोंगराचं नाव रानटी माणसांवरून नाही, सॅव्हेज आडनावाच्या भूमापकावरून पडलंय. अठराव्या शतकातली मोजणी तुकडी बर्फात अडकली, अन्न संपलं, तेव्हा डोळ्यांनी अधू असलेल्या सॅव्हेजनं 'मला खा' असं सांगितलं आणि तेवढ्यात मदत पोचली, अशी कथा सांगतात. खरी-खोटी देव जाणे. भत्ता वेळेवर न मिळालेल्या आमच्या तुकडीतसुद्धा एवढ्या थराला कुणी गेलं नव्हतं.

बोगद्याबाहेर एकदम सगळी दरी उघडी पडते. आणि दीड-दोन मैल खाली ती रेघ, जिच्यासाठी मी खरं तर आले होते. मेसन-डिक्सन रेषा. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ या काळात दोन घराण्यांच्या वसाहतींचा हद्दीचा तंटा मिटवायला आखलेली. ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा, जंगल तोडत सरळ पट्टा पाडायचा आणि साखळी टाकत पुढे जायचं. त्यांची साखळी ६६ फुटांची, आमची ३३ फुटांची. दर मैलाला दगड रोवायचा बेत होता, तेही इंग्लंडहून घडवून आणलेले. पण डोंगर सुरू झाल्यावर दगड वाहून नेणं जमेना, म्हणून पुढे मातीचे ढिगारे रचत गेले. आता वाटेवर दगड लावून ती रेघ दाखवली आहे. भाच्यानं फोटो काढला. त्यात मी वाकून दगडाची ओळ सरळ आहे का ते बघते आहे.

तिथून कंबरलँडपर्यंत फार पायडल मारावं लागलं नाही. पिट्सबर्गपासून सव्वाशे मैलांत गोळा केलेली उंची खिंडीपासून चोवीस मैलांत उधळायची. ब्रेक धरून बोटं दुखली एवढंच. कंबरलँडला जुन्या स्टेशनाशी रस्ता संपतो आणि तिथूनच चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची वाट वॉशिंग्टनपर्यंत जाते, १८४ मैल. स्पर्धक कंपनीची रेल्वे आणि तो कालवा यांचं बांधकाम १८२८ मध्ये एकाच दिवशी, ४ जुलैला सुरू झालं होतं. रेल्वे इथे १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. रेल्वेनं कालव्याला मागे टाकलं, ट्रकनं रेल्वेला.

परतीला सायकली रेल्वेच्या डब्यात टांगल्या आणि संध्याकाळच्या गाडीत बसलो. म्हणजे त्याच स्पर्धकाच्या रुळांवरून, पलीकडच्या काठानं. बाहेर गच्च अंधार. कॅसलमन केव्हा लागली आणि यॉक केव्हा, कळेना. काचेला कपाळ टेकून मी पलीकडचा पट्टा शोधत होते.

"मावशी, काय पुटपुटतेस?"

"चोवीस हजार."

"काय चोवीस हजार?"

"साखळ्या. दीडशे मैल म्हणजे आमच्या चोवीस हजार साखळ्या. दिवसाला चाळीस टाकल्या तर..."

तो झोपला होता.