पिपची वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मैदानाच्या, सहलींच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी भरपूर येतील. मी मात्र शाळेच्या वाचन मंडळात शिकलेली एक पद्धत इथे लिहून ठेवते, कारण आजच्या नववी-दहावीच्या मुलांना ती जशीच्या तशी वापरता येईल. कादंबरीतलं माणूस बदलतं म्हणजे नेमकं काय होतं, यावर वर्गात चर्चा कशी करायची, ती ही पद्धत. त्यासाठी आम्ही घेतलेलं पुस्तक होतं चार्ल्स डिकन्सचं ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’.

हे पुस्तक १ डिसेंबर १८६० ते ३ ऑगस्ट १८६१ या काळात एका साप्ताहिकात क्रमशः आलं. प्रकरणं ५९. कथा सांगणारा पिप स्वतःच तिचे तीन टप्पे पाडतो: पहिला १९ प्रकरणांचा, पुढचे दोन २०-२० प्रकरणांचे. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या दलदलीकाठी, बहीण आणि तिचा लोहार नवरा जो यांच्या घरी वाढलेला हा अनाथ मुलगा. अज्ञात दात्याच्या पैशावर तो लंडनला ‘जंटलमन’ व्हायला जातो, आणि तो दाता आपण लहानपणी भाकरतुकडा दिलेला कैदी मॅग्विच होता, हे त्याला तेविसाव्या वर्षी कळतं. मुलांना सगळं पुस्तक मूळ इंग्रजीतून झेपत नाही. ८, ९, २७, ३७, ३९, ५४ आणि ५७ ही सात प्रकरणं मुळातून वाचावीत, मधलं शिक्षकांनी सांगावं. संक्षिप्त आवृत्तीवर विसंबू नये. तिच्यात घटना राहतात, पण प्रौढ पिपची भाष्यं गळतात आणि चर्चेचा कणाच मोडतो.

चर्चेआधी प्रत्येकाने वहीच्या जोडपानावर चार रकाने आखायचे: प्रकरण, पिपने काय केलं, तेव्हा त्याने स्वतःची काय समजूत घातली, आणि मोठेपणी कथा सांगणारा पिप त्यावर काय म्हणतो. शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं हेच खरं काम. ही कथा मोठेपणी सांगितलेली आहे, त्यामुळे पश्चात्ताप पहिल्या पानापासून आवाजात मिसळलेला असतो. मुलं तो आवाज लहान पिपच्या तोंडी घालतात आणि लिहितात, ‘पिपला आपली चूक समजली.’ त्या क्षणी त्याला काहीच समजलेलं नसतं.

दुसरी अडचण आपल्या परीक्षांनी लावलेल्या सवयीची. ‘स्वभावचित्र रेखाटा’ म्हटलं की ‘जो हा प्रेमळ, भोळा व कष्टाळू होता’ असं वाक्य आपोआप उमटतं. विशेषणांनी बदल पकडता येत नाही. म्हणून वहीच्या दुसऱ्या रकान्यात विशेषण लिहायला बंदी, फक्त क्रियापद. आठव्या प्रकरणात श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यात वाढणारी एस्टेला पिपच्या राठ हातांना आणि जाडजूड बुटांना हसते. नवव्यात तो घरी येऊन काळ्या मखमली गाडीची आणि चांदीच्या टोपलीतून मांस खाणाऱ्या चार कुत्र्यांची थाप मारतो. मग रात्री जोपाशी जाऊन ती कबूल करतो. हसणं, थाप मारणं, कबूल करणं, एवढं लिहिलं की लाज कुठून शिरली हे मुलांना आपसूक दिसतं.

सत्ताविसावं प्रकरण मात्र घाईने उरकू नये. त्याला पूर्ण पाऊण तास द्यावा. जो लंडनला पिपला भेटायला येतो. येणार हे कळल्यावर, पैसे भरून त्याला दूर ठेवता आलं असतं तर आपण नक्की भरले असते, असं पिप सांगतो. जोची टोपी चुलीवरच्या कठड्यावरून सारखी खाली पडते. बोलताना तो एकदा ‘पिप’ म्हणतो, एकदा ‘सर’. हा बदल मराठी मुलांना समजावून सांगावा लागत नाही. घरातल्या माणसाने अरे-तुरे सोडून अहो-जाहो सुरू केलं की काय तुटतं, ते त्यांना ठाऊक असतं. दोन मुलांनी हे संवाद मोठ्याने वाचावेत आणि बाकीच्यांनी प्रत्येक ‘सर’पाशी पेन्सिलीने खूण करावी. हीच खूण पुढे ५७व्या प्रकरणात कामी येते. तिथे आजारी पिपची सेवा करताना जो पुन्हा जुन्या आपुलकीने बोलतो, आणि पिप बरा होत जातो तसतसा ‘सर’ परत येतो. एक शब्द मोजून एवढं हाती लागतं.

जो गेल्यावर पिप त्याच्या मागे धावत रस्त्यावर येतो, पण तोवर उशीर झालेला असतो. दुसऱ्याच दिवशी तो गावी जातो आणि भट्टीवर न उतरता खाणावळीत उतरतो. परतल्यावर प्रायश्चित्त म्हणून जोला एक मोठा मासा आणि कालवांचं पिंप पाठवतो. मुलांना हे पिंप फार लक्षात राहतं, राहू द्यावं. वाईट वाटणं आणि वागणं बदलणं यांच्यातलं अंतर दाखवायला त्याहून चांगली वस्तू पुस्तकात नाही.

‘पिप केव्हा बदलतो?’ असं विचारलं की दहातले आठ हात ३९व्या प्रकरणावर वर होतात, कारण रहस्य तिथे फुटतं. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते वहीतूनच खोडून काढावं. ३९मध्ये त्याला मॅग्विचची किळस येते. त्याची परिस्थिती बदलते, तो तसाच राहतो. उलट ३७व्या प्रकरणात, रहस्य फुटण्याआधीच, त्याने मिळालेल्या ५०० पौंडांतले निम्मे देऊन मित्र हर्बर्टला गुपचूप धंद्यात भागीदारीची वाट करून दिलेली असते. म्हणजे कर्जात बुडालेल्या, दिखाऊ पिपमध्येही एक धागा शाबूत होता. पुढे ४९मध्ये मिस हॅविशॅमकडे तो हर्बर्टसाठीच ९०० पौंड मागतो, स्वतःसाठी काही नाही. ५४मध्ये थेम्स नदीवर पलायन फसतं, जखमी मॅग्विच पकडला जातो, आणि पिप त्याचा हात धरून बसतो. ३९ ते ५४ अशी पंधरा प्रकरणं ही किळस झिजत असते. तारीख मागणाऱ्या मुलांना हे आधी पचत नाही. त्यांना वहीची पानं उलटून पाहायला सांगावं.

जोबद्दल वेगळा प्रश्न ठेवावा. तो बदलतो का? फारसा नाही. पण त्याला संत करून टाकू नये. बहीण पिपला मारत असताना तो थांबवत नाही, आणि सातव्या प्रकरणात कारणही सांगतो: त्याच्या बापाने आईला मारलेलं त्याने पाहिलंय, म्हणून बायकोशी कठोर व्हायचीच त्याला भीती वाटते. मॅग्विचचंही तसंच. तो बदलला की आपल्याला तो उशिरा कळला? या एका प्रश्नावर वर्ग हमखास दोन तट करतो, तट पडू द्यावेत.

शेवटच्या बैठकीला एस्टेला घ्यावी. डिकन्सने आधी एक शेवट लिहिला होता. त्यात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात भेटतात आणि वेगळे होतात. लेखकमित्र बुल्वर-लिटन यांच्या सांगण्यावरून त्याने तो बदलला आणि भेट पडक्या वाड्याच्या आवारात आणली. छापलेला कोणता हे न सांगता दोन्ही वाचून दाखवावेत. आपण भोगलेल्या दुःखाने आपल्याला घडवलं, असं एस्टेला छापील शेवटात सांगते. पण पिप कैरोत नोकरी करत असताना गेलेली ती ११ वर्षं आपण पाहिलेलीच नसतात. पिपच्या वहीत पानंच्या पानं भरलेली, आणि तिच्या रकान्यात क्रियापद एकच: सांगते. तेवढ्यावर तिचा बदल मानायचा का, हे मुलांनी घरून लिहून आणायचं.