सूपची पुडी, येसर आणि माझी झोप

मागच्या पावसाळ्यापासून रात्री दोन-अडीचला जाग यायची ती यायचीच, मग पहाटेपर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर, अन् सकाळी लेकरावर विनाकारण खेकसणं. थायरॉईड, बीपी सगळं नॉर्मल निघालं.

वजन कमी करायचं म्हणून मी रात्री पुडीतलं सूप प्यायचे, आणि लेकरू भाजी खात नाही म्हणून भाजीत नूडल्सवाल्या मसाल्याची अर्धी पुडी टाकायचे. एकदा सूपच्या पुडीची मागची बाजू मोबाईलवर झूम करून वाचली, इतकी बारीक अक्षरं की काय सांगू! यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन... मग वाचत बसले. अजिनोमोटो म्हणजे पुडीवरचा ६२१ नंबर एवढंच माहीत होतं, पण त्यात चव आणणारं जे मोकळं ग्लुटामेट असतं ते या दोन्हीतही असतं.

ग्लुटामेट काही विष नाही. आपल्या मेंदूत ते असतंच, मेंदूला जागं ठेवणारं, अन् शांत करणारं गाबा त्याच्यापासूनच बनतं, त्याला बी६ जीवनसत्त्व लागतं. डाळीतलं ग्लुटामेट प्रोटीनमधे बांधलेलं असतं, हळूहळू सुटतं, पुडीतलं मात्र मोकळंच असतं. खाल्लेलं ग्लुटामेट मेंदूत सहजासहजी शिरत नाही हेही खरं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली दिवसाला किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली, म्हणजे माझ्या ५५ किलोला दीड ग्रॅमच्या जरा वर. कमी ग्लुटामेटच्या आहाराने काहींना बरं वाटल्याचे अभ्यास आहेत, पण छोटे आहेत, त्यामुळे झोपेची किंवा मनाची गोळी चालू असेल तर ती या भरवशावर बंद करू नका, प्लीज.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणली, "पुड्या फेकून दे, मी येसर पाठवते." गहू, हरभऱ्याची डाळ, धने-जिरे भाजून दळलेलं आमचं येसर लातूरच्या एसटीतून आलं. आता रात्री आठच्या आत येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. टोमॅटोत पण मोकळं ग्लुटामेट असतं, पण घरचा टोमॅटो मी सोडला नाही, तेवढा चालतो मला. आमटीत भाकरी कुस्करली की लेकरू पण मुकाट खातं, हे मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाचपर्यंत झोपले. जेवण लवकर झालं त्याचाही हात असेल, पण चिडचिड कमी झाली हे नवऱ्याने न विचारता सांगितलं. परवा एका लग्नात मंचुरियन खाल्लं अन् त्या रात्री परत अडीचला डोळे टक्क उघडे. एका रात्रीवरून काय ठरवणार, वहीत तारीख टाकून ठेवलीय.