थर्मास कपाचा वास जात नाहीये? आधी रबर काढा

मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे शेतात जाणारा असो की ऑफिसला, हातात थर्मासचा कप असतोच, सकाळी चहा दुपारी ताक, आणि मग असा आंबूस वास सुटतो की पाणीही पिववत नाही. लोक आतलं स्टील घासत बसतात पण वास बहुतेक झाकणातल्या सिलिकॉन रिंगमध्ये असतो! चमच्याच्या दांड्याने हळूच उचकटून बघा, खाली दुधाचा पिवळट चिकट थर दिसेल. रिंग, झाकण, कप सगळं कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवा. ब्लीच मात्र अजिबात नको हं, त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावूच नका, प्लीज.