आमची वाटचाल : वरण तर शिजतं, पण पाणी बरं आहे का?

आमचा मूळ धंदा पाणी तपासून देण्याचा. बोअर लागलं की कास्तकार बाटली घेऊन येतो, आरओच्या कॅन भरणारे येतात, ग्रामपंचायतींना तपासणी-पेटीतली संपलेली रसायनं भरून हवी असतात. शाळांत पाणी तपासायला शिकवण्याचं काम यातूनच निघालं, आणि त्याचं कारण होतं येणाऱ्या बाटल्या. कोल्ड्रिंकची बाटली, तळाला चिकटलेली साखर, वर उन्हात डिकीमध्ये चार तास. अशा नमुन्याचा रिपोर्ट कितीही नेमका दिला तरी तो त्या बाटलीचाच रिपोर्ट. गावात नीट नमुना भरणारे हात हवे होते. ते आठवी-नववीच्या वर्गात मिळाले.

पहिल्या टप्प्यात आम्ही प्रोजेक्टर न्यायचो. पोरं पीएचची व्याख्या वहीत उतरवून घ्यायची आणि तास संपायचा. ते सोडलं. आता तास पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींपासून सुरू होतो. ‘मावशी, वरणाला पाणी कुठलं घेता?’ एवढं विचारलं की गावातल्या सगळ्या पाण्याचा हिशेब बाहेर येतो: शाळेमागच्या हापशीवर डाळ शिजत नाही, पाटलाच्या विहिरीवर लवकर शिजते, नळाचं दोन दिवसाआड येतं.

मग हेच करून बघायचं. दोन सारख्या पातेल्यांत ५०-५० ग्रॅम तूरडाळ, एकात हापशीचं ३०० मिली पाणी, दुसऱ्यात तेवढंच पावसाचं किंवा आरओचं. आच सारखी, कुकर नाही, सोडा नाही. अर्ध्या तासाने दाणा बोटाने दाबायचा. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून दाणा फुटत नाही. साबणाच्या फेसाचा प्रयोगही सोबत होतो, पण तो हमखास फसतो कारण पोरं घरून धुण्याची पावडर आणतात. डिटर्जंटला जड पाण्यातही फेस येतो. साबणच हवा, तोही तेलापासून केलेला. आजकालच्या धुण्याच्या बऱ्याच वड्याही डिटर्जंटच्याच असतात. आम्ही साबणाचं पाणी स्वतः नेतो.

इथपर्यंत सगळं घरातल्या अनुभवाशी जुळतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी जामणीकडच्या गावांत मात्र याच्यानंतर एक प्रश्न नक्की येतो: ‘सर, आमच्या बोअरचं पाणी तं गोड लागते, डाळ बी झटकन शिजते. मग ते चांगलंच ना?’

आमच्या कामाचा गाभा या प्रश्नात आहे. कॅल्शियम भरपूर असलं तर दात-हाडं बिघडवणारं फ्लोराइड त्याच्याशी बांधून खाली बसतं. कॅल्शियम कमी आणि सोड्यासारखे क्षार जास्त असलेल्या खोल बोअरच्या पाण्यात मात्र ते विरघळून राहतं. म्हणजे डाळ छान शिजवणाऱ्या पाण्यातच ते बऱ्याचदा जास्त असतं. फ्लोराइडला चव, वास, रंग काही नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. तुरटीचा खडा फिरवूनही जात नाही. तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवली आहे, पण तिच्यात तुरटीची मात्रा पाण्याची अल्कता (आम्ल पचवण्याची ताकद) मोजून ठरते, अंदाजाने नाही.

पेटीतल्या फ्लोराइडच्या रसायनाचा रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो. तो तक्त्याशी लावताना पाठीवर ऊन घ्यायचं, नळीमागे पांढरा कागद धरायचा आणि तिघांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहायचा. १ आणि १.५ यांच्यामधला निकाल डोळ्याने देता येत नाही, असं आम्ही स्पष्ट सांगतो. तो नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा. आणि वर्गात कोणाच्याही दातांकडे बोट दाखवायचं नाही. दातांवरचे तपकिरी पट्टे हे दात हिरड्यांच्या आत घडत असतानाच्या पाण्यामुळे असतात, साधारण आठव्या वर्षापर्यंतच्या. नववीतल्या पोरीच्या दातांचं आता पाणी बदलून काही होणार नाही, तिच्या धाकट्या भावाचं होईल.

नमुना भरण्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. बाटल्या दोन, नियम उलटे. रसायनांच्या तपासणीची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची. जंतूंची बाटली निर्जंतुक असते, ती कधीच विसळायची नाही, वर बोटभर जागा सोडायची, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, आतून बोट लावायचं नाही. क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर या बाटलीत आधीपासून क्लोरीन निकामी करणारं थायोसल्फेट असतं. विसळली की तेच वाहून जातं, उरलेलं क्लोरीन वाटेत जंतू मारतं आणि निकाल खोटा चांगला येतो. हापशी आधी चार-पाच मिनिटं हापसायची. हा नमुना बर्फाच्या डब्यात, शक्यतो सहा तासांत पोचवायचा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नमुने घेत नाहीत, त्याचं कारण हेच.

शाळेतच होणारी जंतूंची चाचणी म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची कुपी. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२मध्ये मांडली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं झालं तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता. तिला ३० ते ३७ अंशांची ऊब लागते, आणि विदर्भात गंमत तिथेच आहे. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, कुपी थंडीत काळी होतच नाही आणि गाव खूश होतं. मे महिन्यात टिनाखालच्या वर्गात ४५ अंशांत जंतू नीट वाढत नाहीत, कुपी पुन्हा काळी न होता राहू शकते. हिवाळ्यात आम्ही ती कापडात गुंडाळून कोमट पाण्याच्या थर्मासजवळ थर्माकोलच्या डब्यात ठेवायला लावतो, उन्हाळ्यात माठाच्या खोलीत. सोबत थर्मामीटर असतोच. कुजट अंड्याचा वास येणाऱ्या बोअरला मात्र ही चाचणी लावू नये. त्यातला मूळचाच सल्फाइड कुपी काळी करतो. काळी झालेली कुपी गटारात ओतू नये. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं, पाणी घालून रात्रभर बाहेर ठेवावी, मग रिकामी करावी.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, तिला सूट नाही. विहीर गोठ्याला किंवा उकिरड्याला लागून असेल तर हे आधी बघावं. बाजारातल्या काही पट्ट्या नायट्रेट न दाखवता त्यातला नायट्रोजन दाखवतात. त्यांच्यावर १० दिसलं की पोरं ‘पास’ म्हणतात; १० गुणिले ४.४३ केलं की ४४ भरतं, म्हणजे पाणी काठावर आहे.

टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, मीटरबद्दल थोडं कडूच बोलतो. खारपाणपट्ट्यात तो कामाचा आहे, तिथे क्षार हेच दुखणं. पण त्याला जंतू कळत नाहीत, आणि लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइडने त्याचा आकडा हललेलाही जाणवत नाही. पाण्यात लोखंडी सळया सोडून, त्यांना वीज लावून गढूळ चिखल काढून दाखवणारे विक्रेते गावोगाव फिरतात. तो गंज त्या सळयांचाच असतो. पोरांना हे करूनच दाखवतो: थोडं मीठ घातलेल्या आरओच्या पाण्यातही तसाच चिखल निघतो.

विहिरीत टीसीएल किती टाकायचं, हे गणिताच्या सरांसोबत करतो. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजायची. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर, तर ३.१४ गुणिले १६ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणून ९४ ग्रॅम. बादलीत आधी लगदा, मग पाणी, ढवळून दहा मिनिटं थांबायचं आणि फक्त वरची निवळी विहिरीत सोडायची. तळाचा चुना गेला की पाणी आणखी जड. तासाभराने क्लोरीन बघायचं. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं, ओल आणि उष्णता लागली की उडतं. उघड्या पोत्यातली पावडर नाकाला झोंबत नसेल तर हिशेब बरोबर असूनही विहीर तशीच राहते.

क्लोरीनसाठी जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचं पाण्याचं काम बघणारा) ओटी टेस्ट करतात. त्यातलं ऑर्थोटोलिडिन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून पोरांच्या हातात आम्ही डीपीडी या दुसऱ्या रसायनाची गोळी देतो. गुलाबी रंग आला की क्लोरीन आहे. नळाच्या शेवटच्या घरी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. टीसीएल टाकल्या टाकल्या पाणी घेतलं तर क्लोरीन इतकं जास्त असतं की तो गुलाबी रंगच धुऊन जातो आणि वाचन शून्य दिसतं. मग कोणीतरी म्हणतं, अजून टाका. अशा वेळी एक भाग पाण्यात नऊ भाग आरओचं पाणी घालून पुन्हा बघायचं.

पैशाचं थोडक्यात: शाळेच्या तासाला फक्त रसायनांचा खर्च घेतो. धंदा चालतो तो तपासणीवर आणि पेट्या भरून देण्यावर. जल जीवन मिशनखाली गावागावांत पाच-पाच महिलांना या पेट्या वापरायला शिकवण्याची योजना आली तेव्हापासून मागणी वाढली, आणि मुदत संपलेल्या बाटल्याही वाढल्या. म्हणून आता प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवतो: रसायनाचं नाव, उघडल्याची तारीख, संपण्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा असतो. तिथे तास झाल्यावर मावशी, नाहीतर वर्गातलं कोणीतरी, पुढचा नमुना कोणत्या हापशीचा घ्यायचा ते लिहितं.