आईच्या जोडव्यांना जागा ठेवून विणलेले मोजे

२३ नोव्हेंबर

माझा स्वतःचा जोड काल रात्री पुरा झाला, त्यामुळे ज्यासाठी हे काम हाती घेतले त्या आईच्या मोज्यांकडे आता वळता येईल. आधी स्वतःच्या पायावर हात बसवून घ्यावा आणि मगच आईचा जोड सुरू करावा, असे मी ठरवले होते. निफाडजवळच्या आमच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी डिसेंबरच्या पहाटे एवढी गार पडते की तिथे कसाबसा विणलेला मोजा कामाचा नाही.

लोकर ७५ टक्के मेंढीची आणि २५ टक्के नायलॉन अशी आहे. १०० ग्रॅमला साधारण ४२० मीटर धागा मिळतो. बाळांच्या कपड्यांसाठी आपण सर्रास वापरतो ती अ‍ॅक्रिलिकची लोकर स्वस्त आणि मऊ असली, तरी तिच्यात पायाला घाम येतो आणि ओला पाय अधिकच गारठतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर वापरायला मला मनापासून आवडले असते, परंतु ती जाडीभरडी असते; घोंगडीत तिचा जो कणखरपणा आपल्याला हवासा वाटतो, तोच तळपायाला टोचतो.

१३ नंबरच्या, म्हणजे २.२५ मिलिमीटरच्या, दोन्ही टोकांना अणी असलेल्या ५ सुया घेतल्या. नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजला तेव्हा इंचाला ८ टाके भरले. माझ्या चवड्याचा घेर ९ इंच आहे, आणि मोजा पायाच्या मापापेक्षा इंचभर कमीच हवा, म्हणून ६४ टाके घातले. टाचेच्या ३२ टाक्यांवर ३२ ओळींची पट्टी विणली, टाके कमी करत टाच वळवल्यावर, म्हणजे तिला गोलाई दिल्यावर, १८ टाके राहिले, दोन्ही कडांवरून १७-१७ टाके उचलले. वरच्या ३२ टाक्यांसह ८४ झाले आणि एकाआड एक फेरीत दोन-दोन कमी करत १० वेळांत पुन्हा ६४ वर आले. दोन सुयांच्या सांध्यावर शिडीसारखी फट पडत होती, ती दर फेरीत दोन टाके पुढच्या सुईवर सरकवल्यावर नाहीशी झाली. जोडाला ६२ ग्रॅम लोकर लागली.

७ डिसेंबर

आईचे पाऊल सकाळी मोजले तेव्हा चवड्याचा घेर ८.५ इंच होता आणि संध्याकाळी तोच ९.५ इंच झाला. दिवसभर उभे राहून तिच्या पायांना सूज येते, हे ठाऊक असूनही फरक एवढा असेल असे मला वाटले नव्हते. एका मापाला नेमका बसणारा मोजा दुसऱ्या वेळी एकतर काचेल किंवा गळेल. म्हणून ६८ टाके घेतले आणि पावलाच्या वरच्या बाजूचे ३४ टाके साधे न विणता, दोन सुलट दोन उलट अशी पट्टी घोट्यापासून थेट बोटांपर्यंत चालू ठेवली. ही वीण सकाळी आखडते आणि संध्याकाळी पसरते. मोज्याचा काठ सैल राहावा म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घातले.

तिच्या टाचांना भेगा आहेत, आणि भेगांच्या कडांना लोकर अडकून विरते. टाचेच्या पट्टीत सुलट बाजूच्या ओळींना एक टाका न विणता सरकवायचा आणि एक विणायचा, अशी दुहेरी जाडीची वीण घेतली आहे. माझ्या मते या विणीची खरी परीक्षा अशा टाचेवरच होते.

१९ डिसेंबर

मुख्य अडचण बोटांची होती. आई लग्नापासून जोडवी घालते आणि चांदीच्या त्या वेढ्यांची मोकळी टोके दुकानातल्या प्रत्येक मोज्यात अडकतात. "जोडवी काढायला सांगू नकोस, बाकी तुला हवं ते कर," असे तिने पहिल्याच दिवशी बजावले होते. शिवाय गुळगुळीत फरशीवर नुसता मोजा घसरतो, म्हणून मोज्यावर अंगठ्याची चप्पल घालता यायला हवी.

अंगठा वेगळा ठेवलेले मोजे फार जुने आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथे सापडलेला तांबड्या लोकरीचा एक जोड आहे, सुमारे १,६०० ते १,७०० वर्षांपूर्वीचा, आणि पट्ट्याच्या पादत्राणात घालता यावा म्हणून त्याची बोटे अशीच दुभागलेली आहेत. तो एकाच सुईने वेढे घेत केलेला आहे, त्यामुळे त्याची रीत इथे चालणार नव्हती, पण घाट तोच घेतला.

अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत विणून झाल्यावर वरचे १० आणि तळव्याचे १० टाके वेगळे केले, मध्ये ४ नवे टाके घातले आणि २४ टाक्यांवर अंगठ्याची खोळ विणली. उरलेल्या ४८ टाक्यांना बेचक्यातून उचललेले ४ मिळून ५२ झाले. त्यांत चार बोटे आणि जोडवी दाटीवाटी न होता मावतात. ही दुसरी खोळ मी मुद्दाम बाहेरून उलट विणली आहे. उलट बाजूच्या उभारलेल्या फाशांत चांदीची टोके चटकन अडकतात. सपाट, सुलट बाजू आत आली की ती सरकून जातात. शेवटी दोन्ही बाजूंचे टाके सुई-धाग्याने जोडताना मोजा उलटा करून सपाट बाजूवर जोडावा आणि मग पुन्हा सुलटा करावा, हे सोपे पडते.

२ जानेवारी

दुसरा मोजा पूर्ण करून पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा दोन्ही डाव्या पायाचे झालेले दिसले. साध्या मोज्याला डावे-उजवे नसते, त्यामुळे माझ्या हातांनी सवयीने अंगठा त्याच बाजूला काढला होता. फार वाईट वाटले. मात्र टाचेपासून बेचक्यापर्यंतचा भाग दोन्ही पायांना सारखाच असल्याने पुढच्या खोळीच तेवढ्या उसवाव्या लागल्या. पाय दुभागण्याआधी अंगठ्याच्या बाजूला सेफ्टी पिन लावून ठेवावी, असे ज्यांना हा घाट विणायचा आहे त्यांना मी आग्रहाने सांगेन.

आज अंगठ्याची खोळ योग्य बाजूला पुन्हा विणून झाली असून ५२ टाके सुयांवर आहेत. पहिला मोजा आईने तीन संध्याकाळी घालून पाहिला. घोट्यावर काठाचा वळ उठला नाही आणि जोडवी एकदाही अडकली नाहीत, करंगळीपाशी मात्र थोडे ढिले वाटते असे ती म्हणाली. म्हणून दुसऱ्यात त्या बाजूचे टाके कमी करणे दोन फेऱ्या आधी सुरू करते आहे आणि तेवढ्याने नेटके बसले, तर पहिल्याचे टोकही तसेच सुधारेन. आतापर्यंत ६६ ग्रॅम लोकर गेली आहे. उरेल त्यातला छोटा गुंडा टाचा रफू करण्यासाठी तिच्या कपाटात मोज्यांजवळच ठेवणार आहे.